हाफिजचं पिवळं कार्ड

माझी मुलगी केतकी तिसरीत असताना तिला वर्गात विचारलं होतं, तुझी आई काय काम करते. तिने बाणेदारपणे सांगितलं, "माय मदर प्रेसेस पीपल्स लेग्ज." पुढच्या पालकसभेत तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, मी नक्की कुठल्या प्रकारच्या आस्थापनेत काम करते याची चौकशी केली. नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, असं सांगितल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी आपला खांदा दाखवला.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंना माझ्याकडून सिंगापुरातल्या यशाची गोष्ट हवी होती. तसं माझ्याकडे काही नाही. पंचवीसएक वर्षं मी लोकांचे गुडघे वाकवले, खांदे फिरवले, घोटे बांधले आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. क्लिनिकमधल्या पेशंटांबद्दल लिहिता येत नाही आणि लिहूही नये. पण शनिवारी दुपारी मी आणखी एक काम करत असे, हौसेचं. त्याबद्दल लिहिते. त्यातली एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

झालं असं, की लिम नावाचे एक गृहस्थ घोटा मुरगळून माझ्याकडे आले होते. ते एका फ्लॅग फुटबॉल क्लबचे कोच. बरे झाल्यावर म्हणाले, महिनाभर शनिवारी आमच्या मैदानावर या, पोरांच्या पायांना टेप बांधून द्या. महिनाभर म्हणून गेले ती अकरा वर्षं जात राहिले. क्लिनिकमध्ये मला सगळे मॅडम म्हणायचे. मैदानावर पहिल्या दिवसापासून आंटी. स्वतः कोच लिमसुद्धा आंटी म्हणत, आणि ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

खेळ थोडक्यात सांगते, कारण मलाही तो समजायला एक हंगाम लागला. अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पाहिला असेल: चिलखत घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात. फ्लॅग फुटबॉल हा त्याचा सोज्वळ चुलतभाऊ. यात आदळायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला लोंबत्या फिती असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की तो थांबला. एक जण चेंडू फेकतो आणि रिसीव्हर पळत जाऊन झेलतो. सगळी मजा रिसीव्हरची, आणि सगळ्या दुखापतीही त्याच्याच. कारण त्याला नुसतं पळायचं नसतं. जीव खाऊन पळायचं, कचकन थांबायचं, वळायचं आणि पुन्हा पळायचं. हे सगळं पेलतो तो मांडीच्या मागचा स्नायू. त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. तो कुरकुर करायला लागला की त्याचं ऐकावं. नाही ऐकलं तर तो फाटतो आणि माणूस तीन-चार महिने घरी बसतो.

तर मैदानाच्या कडेला, एका झाडाखाली माझं घडीचं टेबल असे. सरावाआधी प्रत्येक खेळाडू त्यावर येऊन पडायचा. मी तपासायचे आणि एक कार्ड द्यायचे. हिरवं म्हणजे सगळं खेळ. पिवळं म्हणजे हळू धाव, पूर्ण वेगाने नाही. लाल म्हणजे बस. ते कार्ड खेळाडूने कोचला नेऊन द्यायचं. कोच फक्त रंग बघत, कारण विचारत नसत. टेबलावर झालेलं बोलणं टेबलावरच राहील, असा शब्द मी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना दिला होता. त्याशिवाय कोणी तोंड उघडलं नसतं. ही पद्धत माझी होती आणि तिचा मला अभिमान होता. एरवी मी सहसा कशाचा अभिमान बाळगत नाही.

एरवी वर्षभर या टेबलावर नुसता कण्हण्याचा कार्यक्रम चाले. कुणाची कंबर, कुणाचं बोट, कुणाचं प्रेमप्रकरण. पण प्रीसीझन, म्हणजे हंगामाआधीचे निवडीचे सहा आठवडे आले, की सगळे एकाएकी ठणठणीत होत. परदेशातल्या स्पर्धेला बारा जण जायचे, त्यात पाच रिसीव्हर. निवडीला नऊ-दहा जण येत. मग कोण सांगणार, माझं दुखतंय म्हणून? लंगडत येणारा माझं टेबल दिसलं की ताठ चालायला लागायचा. एकाने आइसपॅक फिशबॉलच्या, म्हणजे माशाच्या गोळ्यांच्या, पिशवीखाली लपवला होता. मी पिशवी उचलली तर इथल्या इंग्रजीचं नेहमीचं शेपूट लावून म्हणाला, "आंटी, डिनर लाह."

त्या वर्षी स्पर्धा बँकॉकला होती. पाचांतल्या चार जागा कुणाच्या ते सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या जागेसाठी दोघं होते, हाफिज आणि रायन.

हाफिज तेहेतीस वर्षांचा. तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात सुपरवायझर. ज्यांना सिंगापूर माहीत आहे त्यांना कळेल, की तुआस म्हणजे एमआरटी मेट्रोच्या हिरव्या लाइनचं एक टोक आणि आमचं मैदान पासिर रिसला, म्हणजे दुसरं टोक. शनिवारची अर्धी पाळी संपवून हा माणूस अख्खं बेट आडवं पार करून यायचा, आणि तरी सगळ्यांच्या आधी यायचा. मैदानावर शंकू मांडायचा, माझं टेबल उघडून द्यायचा. क्लबमध्ये दहा वर्षं होता. दहा वर्षं राखीव. एकदाही संघाबरोबर परदेशी गेला नव्हता. कधी एक जागा कमी पडली, कधी बाळ झालं, कधी यार्डात सुट्टी मिळाली नाही. या वर्षी त्याने सुट्टी आधीच मंजूर करून घेतली होती. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने चित्र काढलं होतं, बाबा विमानात. ते त्याने मला फोनवर दाखवलं होतं.

रायन चोवीस वर्षांचा, बँकेत नोकरीला. हरणासारखा पळायचा. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्यालाही ती जागा मनापासून हवी होती, इतकंच.

तिसऱ्या शनिवारी हाफिज टेबलावर पालथा झोपला आणि मी हात लावायच्या आधीच म्हणाला, "आंटी, आय टेल यू फर्स्ट आह. राइट साइड, लिटल बिट टाइट. नॉट पेन."

मी तपासलं. तपासायची रीत साधी आहे. माणसाला पालथं झोपवायचं, गुडघा वाकवायला सांगायचा आणि आपण टाच धरून उलट दाबायचं. स्नायू दुखावलेला असेल तर माणूस तोंडाने काहीही म्हणो, त्या बाजूची कंबर टेबलावरून जराशी उचलली जाते. ते त्याच्या हातात नसतं. हाफिजची कंबर अगदी जराशी उचलली गेली. आठवडाभर दमाने घेतलं तर सुटेल एवढंच होतं. मी पिवळं कार्ड दिलं.

कार्डाकडे बघत तो म्हणाला, "टुडे गॉट टायमिंग, यू नो."

त्या दिवशी कोच चाळीस यार्डांच्या धावेची वेळ घेणार होते. निवडीत तिचं वजन मोठं. पिवळ्या कार्डवाल्याला त्या धावेत उभं राहता येत नसे. मला हे माहीत होतं. मी म्हटलं, "हाफिज, आज पळालास तर फाटेल." तो उठून बसला. मग "ओके, आंटी" म्हणून कार्ड घेऊन गेला. वाद घातला नाही, हातापाया पडला नाही.

त्याच्यामागे दोघं सोडून रायन आला. "ऑल गुड," म्हणाला आणि पालथा पडला. मी डावी टाच धरली, ठीक. उजवी धरली, आणि त्याची कंबर उचलली गेली. हाफिजपेक्षा जास्त.

"दुखतंय?"

"नो लाह, टिकलिश." आणि हसला.

माझा नियम असा होता, की पेशंटचं तोंड एक सांगत असेल आणि माझा हात दुसरं, तर पुन्हा तपासायचं, आणि तरी शंका राहिली तर हाताचं ऐकायचं. त्या दिवशी मी पुन्हा तपासलं नाही. का नाही? याचं उत्तर मी नंतर पुष्कळ वेळा शोधलं. सकाळी क्लिनिकमध्ये अकरा पेशंट बघून आले होते आणि माझीच कंबर धरली होती. रायनमागे सहा जण उभे होते. आदल्या आठवड्यात कोच लिम थट्टेत म्हणाले होते, "आंटी, सो मेनी यलो, आय प्ले विथ यूअर कार्ड्स, इज इट?" सगळे हसले होते आणि ते मला लागलं होतं. आणि दोन्ही रिसीव्हरांना पिवळं दिलं तर पाचव्या जागेचा घोळ माझ्यामुळे होणार, तो मला नको होता. मी दमले होते. मी हिरवं कार्ड दिलं.

रायन पळाला. त्या दिवशीची सगळ्यात चांगली वेळ त्याची. हाफिज कडेला हळूहळू फेऱ्या मारत होता आणि प्रत्येकाची धाव संपली की टाळ्या वाजवत होता.

पुढच्या दोन शनिवारी रायन मांडीला टेप जरा घट्ट बांधून मागायचा. मी बांधून द्यायचे. आम्ही दोघंही त्याविषयी बोलत नसू.

यादी जाहीर व्हायच्या दिवशी विजेचा इशारा झाला. आमच्याकडे ढग जवळ आले की भोंगा वाजतो आणि मैदान रिकामं करावं लागतं. सगळे शेजारच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जाऊन उभे राहिले. एका बाजूला आजोबा लोकांचा बुद्धिबळाचा पट चालला होता. कोच म्हणाले, थांबलोच आहोत तर नावं वाचून टाकतो. बारावं नाव रायनचं होतं. हाफिजने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, रायनची पाठ थोपटली. मग माझ्याजवळ येऊन खांबाला टेकून उभा राहिला. पाऊस कोसळायला लागला होता.

"आंटी, आय आस्क यू समथिंग. दॅट डे, इफ आय नेव्हर से, यू गिव्ह मी ग्रीन ऑर नॉट?"

आवाजात राग अजिबात नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. मी हाफिजशी कधी खोटं बोलले नव्हते.

"बहुतेक दिलं असतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "ओह. ओके," म्हणाला. मग पाऊस कमी झाल्यावर माझं टेबल घडी करून टॅक्सीपर्यंत आणून दिलं. त्या माणसाने त्या दिवशीही माझं टेबल उचलावं, याची मला इतकी लाज वाटली की मी टॅक्सीत बसताना धड आभारही मानले नाहीत.

घरी आले तर केतकीने तोंड बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट फ्लॅग फुटबॉल लाह. नोबडी इव्हन वॉचेस." खरं आहे, कोणी बघत नाही. मैदानाच्या कडेला आम्ही पाच-सहा माणसं, आणि कुत्रा फिरवायला आलेला एखादा. पण कोणी बघत नाही अशा गोष्टीसाठी माणूस दहा वर्षं बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येत असेल, तर त्याला ती केवढी मोठी असेल, हे मी तिला सांगू शकले नाही. मी भात लावायला उठले.

बँकॉकला जायच्या आदल्या शनिवारी सरावाचा सामना होता. रायन चेंडूमागे वळला आणि मांडी धरून गवतावर पडला. तो आवाज मला झाडाखाली ऐकू आला असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मला ऐकू आला. त्याला उचलून टेबलावर आणलं ते हाफिजने आणि आणखी एकाने. मी बर्फ लावत होते, हाफिज त्याचा पाय धरून उभा होता. रायन हातांत तोंड लपवून रडत होता. नावं आयोजकांकडे गेली होती, आता बदलता येणार नव्हती. संघ अकरा जणांवर गेला आणि पाचवी जागा कुणालाच मिळाली नाही.

हाफिज पाणी आणायला गेला तेव्हा रायन म्हणाला, "आंटी, यू न्यू, राइट? दॅट डे."

"हो," मी म्हटलं.

"देन व्हाय यू नेव्हर स्टॉप मी?"

मी बर्फाची पिशवी बदलली. तो बरा व्हायला चार महिने लागले. नंतर नोकरीसाठी मेलबर्नला गेला. दिवाळीला मला न चुकता मेसेज करतो.

पुढच्या वर्षी मी क्लिनिक सोडलं. मैदानावरचंही ते शेवटचं प्रीसीझन, असं कोचना सांगून टाकलं होतं. पुन्हा पाचवी जागा रिकामी, पुन्हा हाफिज, आता चौतीस वर्षांचा, आणि त्याच्यासमोर एक नवीन आलेला बावीस वर्षांचा मार्कस. टायमिंगच्या दिवशी हाफिज नेहमीसारखा सगळ्यांआधी आला, टेबल उघडलं आणि पालथा झोपला.

"कसं आहे?"

"ऑल गुड, आंटी."

अकरा वर्षांत त्याने मला कधी ऑल गुड म्हटलं नव्हतं. नेहमी काहीतरी सांगायचा, इथे टाइट, तिथे जड. मी डावी टाच धरली. मग उजवी धरली. त्याची कंबर उचलली गेली.

मी हात काढून घेतला. एवढ्या खेळाडूंत एक माणूस होता जो माझ्याशी खरं बोलायचा, आणि त्याला खोटं बोलायला मी शिकवलं होतं. त्याच्याकडे बघवेना. तोही मान वळवून गवताकडे बघत होता.

मी पिवळं कार्ड काढलं. तो उठून बसला. "आंटी, आय नेव्हर से एनिथिंग व्हॉट," एवढंच म्हणाला आणि कार्ड घ्यायला हात पुढे केला. मी दिलं नाही. "इथेच बस," म्हटलं. मागच्या रांगेला थांबायला सांगितलं आणि मैदानात शिरले. अकरा वर्षांत मी सराव चालू असताना मैदानाची पांढरी रेघ कधी ओलांडली नव्हती, की टेबलावरचं बोलणं बाहेर नेलं नव्हतं. कोच लिम स्टॉपवॉच बघत होते.

मी म्हटलं, "कोच, मागच्या वर्षी रायनलाही पिवळं द्यायला हवं होतं. मला कळलं होतं. मी हिरवं दिलं. हाफिज खरं बोलला म्हणून बाहेर बसला आणि खोटं बोलणारा पळाला. चूक माझी आहे. आज त्याला पळू देऊ नका. पण त्याचं टायमिंग दोन आठवड्यांनी घ्या. आणि यापुढे ज्याला पिवळं मिळेल त्याचं टायमिंग नंतर घ्या, नाहीतर या टेबलावर कोणीही खरं सांगणार नाही."

कोचनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. मागच्या वर्षी अकरा जणांवर खेळून संघ पहिल्याच फेरीत हरला होता, ते त्यांना आठवत असणार. शेवटी म्हणाले, "वन इयर यू कीप दिस, आंटी?"

"हो."

"टू वीक्स," म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. ते मी समजू शकते.

दोन आठवड्यांनी हाफिज पळाला. मी त्याआधी त्याला दोनदा तपासलं होतं. कंबर टेबलाला चिकटलेली राहिली आणि मी हिरवं कार्ड दिलं. सगळा क्लब रेघेवर उभा राहून ओरडत होता, मार्कससुद्धा. हाफिज इतका पळाला की त्याची टोपी मागे उडून पडली. कोचनी घड्याळ बघितलं आणि वेळ मोठ्याने वाचली. मार्कसपेक्षा ती जास्त होती. फार नाही, पण जास्त होती. चौतीस वर्षांच्या पायांचं फिजिओ काही करू शकत नाही. लगेच तिथेच यादी वाचली गेली, तीत त्याचं नाव आलं नाही.

यादी वाचून झाल्यावर तो टेबलावर येऊन बसला. टेप काढायची होती. टेप काढताना पायाचे केस ओढले जातात, मोठमोठे पुरुष कळवळतात, म्हणून मी एरवी गप्पा मारत काढते. त्या दिवशी मला काही सुचेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खाली मान घालून लपवत होते. म्हटलं, "सॉरी, हाफिज. या वर्षीही."

"नो लाह, आंटी," तो म्हणाला. "लास्ट इयर, आय गो होम, होल नाइट आय थिंक, मेबी आय कॅन, मेबी आय कॅन. दिस इयर आय रन ऑल्रेडी. नाऊ आय नो."

मग त्याने फोन काढून मुलीला लावला आणि मलयमध्ये धावेची सगळी हकिगत सांगितली. पलीकडून ती एकदम मोठ्याने काहीतरी म्हणाली आणि तो हसायला लागला. मी विचारलं, काय म्हणते?

"शी आस्क, रनिंग टाइम ड्रॉप माय कॅप, डिड आय पिक अप?"

टोपी अजून मैदानात पडलेली होती. तो उठायला लागला, पण एका पायाची टेप अर्धीच सुटली होती. मी म्हटलं, बस, आणि मीच रेघ ओलांडून ती आणायला गेले.